भिंगाची तोफ

१८४९ मध्ये माक्सिम द्यू काँ हा फ्रेंच प्रवासी कादंबरीकार मित्र फ्लोबेअरसह इजिप्तला निघाला, तो लाकडी कॅमेरा घेऊनच. पुढच्या वर्षी ते अबू सिंबेलच्या मंदिराशी पोचले, तेव्हा तिथले फॅरो रामसेसचे अजस्र पुतळे वाळूत रुतलेले होते. आकाराचा अंदाज यावा म्हणून द्यू काँ हाजी इस्माईल या खलाशाला दगडावर चढवून बसवी. फोटोला वेळ लागे. गडी हलला की सगळं मुसळ केरात. मग त्यानं थाप मारली: ही पितळी नळी तोफ आहे, हललास तर उडेल! बिचारा गप्प बसे.

आज तिथं फोटो काढणाऱ्याला मंदिर जुनंच मिळतं, जागा मात्र नवी. आस्वान धरणाच्या पाण्यात ते बुडणार होतं, म्हणून १९६४ ते १९६८ दरम्यान कापून सुमारे ६५ मीटर वर नेलं. मागचा डोंगरही बनावट. पोटात काँक्रीटचा प्रचंड घुमट आहे.