उलटा बंब

१९९८ च्या मे महिन्यात माझी पद्मिनी सारखी तापायची. नायगावातून निघून हिंदमाताला पोचेस्तोवर काटा लाल रेघेला टेकलेला असे, आणि परळच्या सिग्नलला बॉनेटच्या फटीतून वाफ. मागच्या टॅक्सीवाल्याने एकदा डोकं बाहेर काढून विचारलं, "चहा टाकलाय काय?"

शेवटी गाडी ढकलत बीडीडी चाळींच्या बाजूला एका मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडलं आणि कशालाही हात न लावता स्टुलावर बसून राहिले. "निवू दे आधी," म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "काका, घरी बंब होता का तुमच्या?"

होता म्हणजे काय! गॅलरीच्या टोकाला ठेवलेला तांब्याचा बंब सकाळी पेटवायचं काम माझंच होतं. खाली जाळी, मधल्या नळकांड्यात लाकडाच्या ढलप्या नि नारळाच्या करवंट्या, भोवती पाणी, आणि धूर वरून बाहेर. स्प्रिंग मिलचा भोंगा व्हायच्या आत पाणी कढत झालं नाही तर घरातली सगळी माणसं माझ्या नावाने ओरडायची.

"मग झालं तर," मिस्त्री म्हणाले. "इंजिन म्हंजे बंब. मधी आग, भवती पाणी. आन् पुढचा रेडिएटर म्हंजे उलटा बंब. एक पाणी तापवतो, दुसरा निववतो. दोघांच्या मधी पाणी फिरायचं थांबलं की गाडीचे वाजले बारा."

गाडी त्या दिवशी दुरुस्त झाली. माझं डोकं मात्र तेव्हापासून बिघडलं, ते अजून ताळ्यावर नाही. मिस्त्रींनी सहज दिलेली ती उपमा खरोखरच कुळातली आहे, असं माझं ठाम मत झालेलं आहे.

आधी वस्तूकडे बघू. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकीला रेडिएटर नव्हताच. सिलिंडरभोवती पाणी होतं, ते उकळून उडून जायचं, आणि चालवणाऱ्याने नवं ओतायचं. म्हणजे चाकांवर बसवलेला निव्वळ बंब. १८८८ मध्ये बेंझबाई, म्हणजे बर्था, दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला आपल्या माहेरी गेल्या तेव्हा वाटेत पुन्हा पुन्हा थांबून पाणी भरावं लागलं होतं. मोटारीच्या पहिल्या लांबच्या प्रवासातच इंजिनाच्या तहानेचा प्रश्न सगळ्यांपुढे आला.

त्यावरचा तोडगा विल्हेल्म मायबाखचा. १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या पस्तीस अश्वशक्तीच्या मर्सिडीझला त्याने मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर लावला. त्यात ८,०७० बारीक चौकोनी नळ्या होत्या, प्रत्येकीचं तोंड ६ मिलिमीटर बाय ६ मिलिमीटर. या नळ्यांमधून वारा जायचा आणि पाणी नळ्यांच्या भोवतीने. हे वाचलं तेव्हा मी टेबलावर हात आपटला. मधे नळकांडं, भोवती पाणी! आमच्या बंबाच्या नळकांड्यातून आग जायची आणि पाण्याला उष्णता द्यायची. इथे नळकांड्यातून वारा जातो आणि पाण्याकडची उष्णता घेऊन जातो. ८,०७० चिमुकले बंब एकाला एक चिकटवले, आणि प्रत्येकात आगीच्या जागी वारा घातला. अठरा लिटरच्या जागी नऊ लिटर पाण्यात काम भागायला लागलं.

पद्मिनीच्या रेडिएटरमध्ये उलट असतं, चपट्या नळ्यांतून पाणी आणि बाहेरच्या पत्र्यांमधून वारा, हे मला माहीत आहे. माझ्या एका इंजिनीअर मेहुण्याने हे मला तीनदा सांगितलं आहे. पण ती नंतरची पिढी. आजोबांचं नाक नातवाला आलं नाही म्हणून कूळ बदलत नाही.

आता शब्दाकडे. इथे खरी मजा आहे.

बंब हा शब्द पोर्तुगीज. मूळ 'बोंबा', आणि बोंबा म्हणजे पंप. जहाजाच्या तळाशी साचलेलं पाणी उपसायला जो हातपंप लागे तो बोंबा. दर्यावर्द्यांबरोबर हा शब्द कोकण किनाऱ्यावर उतरला आणि मुंबईसकट वसई, चौल, गोवा अशी पोर्तुगीजांची ठाणी होती तिथून आत शिरला. पाण्याचा जोरदार फवारा सोडणारा पंप आगीवर उपयोगी, म्हणून आगीचा बंब, आणि तो चालवणारे बंबवाले. गुजरातीत अग्निशमन केंद्राला बंबाखाना म्हणतात. हिंदीत बंबा म्हणजे पंप, आणि पाण्याचा नळसुद्धा. नायगावातून दादरच्या पोर्तुगीज चर्चपर्यंत पायी जाता येतं, आणि वाटेत लागणाऱ्या कुठल्याही गॅरेजमध्ये मिस्त्री, चावी, पिंप, घमेलं हे शब्द ऐकू येतात. सगळे त्याच जहाजातून उतरलेले. आमच्या मिस्त्रींना 'मिस्त्री' म्हणतात तेही पोर्तुगीज 'मेस्त्र'वरून, म्हणजे उस्ताद.

आणि हे बघा. आजही लिस्बनच्या गॅरेजमध्ये इंजिनाच्या वॉटर पंपाला 'बोंबा द आगुआ' म्हणतात. पाण्याचा बंब! म्हणजे मोटारीच्या पोटात सुलटा बंब, नाकावर उलटा बंब, आणि दोघांमध्ये पाणी ढकलणारा तोही बंबच. इंग्रजांचा 'पंप' हा शब्दही उत्तर समुद्रातल्या जहाजांवरून आलेला, डच 'पोंप'चा सोयरा. तो आणि बोंबा एकाच पोटचे की पाणी उपसताना होणाऱ्या भक्-भक् आवाजावरून दोघांनी वेगवेगळे केलेले, यावर भाषापंडितांत दोन तट आहेत. मी पहिल्या तटात आहे. दोन्ही शब्द जहाजावरचे, दोन्हींचं काम तेच, आणि ब-प चा फरक खलाशांना कधी आड आला आहे?

पण एक अडचण उरते आणि ती मोठी आहे. पंपाचा बंब झाला, ठीक. पण पाणी तापवायच्या भांड्याचं नाव बंब कसं पडलं? त्यात पंप कुठे आहे?

एक मत असं की बंब हा देशीच शब्द, फुगीर वस्तूला दिलेला, म्हणून आपण 'लठ्ठ बंब' म्हणतो. हे मला पटत नाही. जाड्या माणसाला पिंपही म्हणतात, ढोलही म्हणतात. आधी भांडं, मग चेष्टा. शिवाय पिंपसुद्धा पोर्तुगीजच, 'पीपा'वरून.

दुसरं मत जास्त वजनदार आहे. हिंदीत बंबा म्हणजे नळ, आपल्या भांड्यालाही तोटी असते, म्हणून तोटीवाल्या भांड्याचं नाव बंब. मला हे जवळजवळ पटलं होतं. मग लक्षात आलं की चाळीतल्या पाण्याच्या पिंपालाही तोटी होती, आणि त्याला कुणी कधी बंब म्हटलं नाही.

माझं मत वेगळं आहे. एकोणिसाव्या शतकातल्या वाफेवर चालणाऱ्या आगीच्या बंबाचं चित्र पाहा. घोड्यांच्या गाडीवर मागे उभा, गोल, चकाकणारा बॉयलर. आत आग, भोवती पाणी, वर धुराडं. मुंबईचं अग्निशमन दल पालिकेकडे आलं ते १८८७ मध्ये, आणि त्या काळचा रस्त्यावरचा सगळ्यात भपकेबाज ऐवज म्हणजे आगीचा बंब. तांबटाच्या दुकानात तसंच छोटं भांडं दिसल्यावर माणूस त्याला दुसरं काय म्हणणार? नाव पंपाचं होतं, ते त्याच्या बॉयलरला चिकटलं आणि बॉयलरवरून न्हाणीघरात आलं. कागदोपत्री पुरावा मागू नका. चित्र बघा.

भांड्याच्या घडणीचा मूळपुरुष मात्र रशियन समोवार असावा, हे मी जड मनाने मान्य करतो. मधे निखाऱ्याचं नळकांडं, भोवती पाणी, खाली तोटी. तो इराणातही गेला. म्हणजे अंग समोवाराचं आणि नाव पोर्तुगीज जहाजाचं. मिश्र लग्नं आमच्या नायगावात काही नवी नाहीत.

मिस्त्रींच्या उपमेची गंमत अशी की ती गॅरेजमध्ये चालते. बंब पेटवलेल्या माणसाला गाडी का तापते हे निम्मं आधीच कळलेलं असतं.

बंब रिकामा पेटवायचा नाही, डाख वितळतो. तेच इंजिनाचं: पाणी संपलं असताना गाडी दामटली तर हेड वाकतं. तापलेल्या बंबात एकदम गार पाणी ओतलं की आजी ओरडायची, आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतलं की बीड तडकतं. बंबाच्या नळकांड्यावर क्षार चढले की ढलप्या दुप्पट लागत, कारण मधला थर उष्णता जाऊ देत नाही. रेडिएटरच्या नळ्यांतही हेच साचतं. मुंबईचं नळाचं पाणी तानसा-वैतरणा-भातसाचं, पावसाचं, म्हणून हलकं. पण विहिरीचं किंवा टँकरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलेल्या टॅक्सीचा रेडिएटर उघडला की आत खडूसारखा थर निघायचा. मग वरची टाकी डाख सोडवून काढायची, एकेका नळीत पातळ पट्टी घालून ती साफ करायची, याला 'रॉडिंग' म्हणत, आणि पुन्हा डाख देऊन टाकी बसवायची. तांबं, पितळ, कथील: तांबटाचंच सामान, तांबटाचंच काम.

रोग ओळखायची मिस्त्रींची रीतही मी तेव्हा पाहून घेतली. गाडी उभी असताना तापते आणि पळताना निवते? मग वारा कमी पडतोय. पद्मिनीचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, सिग्नलला इंजिन मंद तर पंखाही मंद, त्यात पट्टा सैल असला की संपलंच. उलट, पळताना किंवा घाट चढताना तापते? मग पाणी कमी पडतंय, नळ्या तुंबल्यात. इंजिन बंद करून रेडिएटरवर हात फिरवायचा: जिथे गार लागेल तिथे नळी मेलेली. इंजिन तापलंय पण वरचा होज पाइप गारच? थर्मोस्टॅटचा वॉल उघडत नाही. सकाळी गार गाडीचं झाकण काढून इंजिन चालू केल्यावर पाण्यात बुडबुडे येत राहिले, किंवा ऑइल ताकासारखं पांढुरकं झालं, तर हेड गॅस्केट गेलं. आग पाण्यात शिरली म्हणायचं.

थर्मोस्टॅटबद्दल त्यांचं माझं पटलं नाही. मुंबईच्या गर्मीत तो हवाच कशाला, म्हणून सर्रास काढून टाकला जायचा. पण गार इंजिन जास्त पेट्रोल पितं आणि लवकर झिजतं. बंबातही पाणी कढत झाल्याशिवाय तोटी सोडायची नसते, हे मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं. ते हसले आणि वॉल खिशात टाकला.

माझी उपमा एका ठिकाणी मोडते, आणि ते ठिकाण धोक्याचं आहे. बंबाचं झाकण नुसतं ठेवलेलं असतं, वाफ बाहेर जाते. रेडिएटरचं झाकण स्प्रिंगचं असतं, आत दाब धरून ठेवतं, आणि त्या दाबामुळे पाणी शंभर अंशांच्या पुढे गेलं तरी उकळत नाही. बंबाच्या सवयीने गरम गाडीचं झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि सगळं पाणी एका क्षणात उकळून तोंडावर येतं. म्हणून तर मिस्त्री पहिल्या दिवशी स्टुलावर बसून राहिले होते.

पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या. नव्या गाड्यांचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे, टाक्या प्लास्टिकच्या. त्यांना कथील धरत नाही. गळला की पूर्ण बदला.

परवा माझी नवी गाडी घेऊन त्याच मिस्त्रींकडे गेलो. आता त्यांचा मुलगा काम बघतो, ते स्टुलावरच असतात. गाडी खालून ठिबकत होती. मुलगा आडवा होऊन आत शिरला, तोवर मी त्यांना सगळी कुळकथा ऐकवली: पोर्तुगीज जहाज, बोंबा, मायबाख, पंप आणि बंब सख्खे भाऊ. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मुलगा हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, पंपाचं सील गेलंय.

"बघा," मिस्त्री मला म्हणाले, "तुमचा पोर्तुगीजच गळतोय."