शिवलकर, गोयल आणि आकड्यांची साक्ष

३ मार्च २०२५ रोजी पद्माकर शिवलकर निवर्तले आणि मुंबईच्या जुन्या क्रिकेटरसिकांत एक जुना वाद पुन्हा उपस्थित झाला. प्रथम श्रेणीचे १२४ सामने, ५८९ बळी, प्रत्येक बळीमागे सरासरी १९.६९ धावा, आणि कसोटी सामने शून्य. त्यांचेच समकालीन राजिंदर गोयल हे आधी पतियाळा, दिल्ली आणि पुढे हरियाणाकडून खेळले. त्यांचे सामने १५७, बळी ७५०, सरासरी १८.५८, कसोटी सामने तेही शून्य. रणजी करंडक स्पर्धेतील त्यांच्या ६३७ बळींचा विक्रम अद्याप अबाधित आहे. एवढी पुण्याई गाठीशी असलेल्या दोघा गोलंदाजांना देशाच्या संघात एकदाही स्थान मिळू नये हा अन्याय होय, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष केवळ एक नाव उच्चारतो, बिशनसिंग बेदी, आणि वाद मिटला असे समजतो.

आमच्या मते तो वाद तेथून खऱ्या अर्थाने सुरू होतो. बेदी, शिवलकर, गोयल हे तिघेही डावखुरे मंदगती फिरकी गोलंदाज. तिघांची प्रथम श्रेणीतील सरासरी शेजारी शेजारी मांडली तर गोयल पहिले, शिवलकर दुसरे आणि २१.६९ ची सरासरी असलेले बेदी तिसरे येतात. केवळ कोष्टक पाहून संघ निवडायचा असता तर बेदींना घरी बसवावे लागले असते! परंतु बेदींच्या १५६० बळींत नॉर्दम्प्टनशायरसाठी परक्या हवेत, दिवसामागून दिवस टाकलेल्या षटकांची कमाई आहे. ६७ कसोटी सामन्यांतील २६६ बळीही त्यांतच आहेत. जगातील नामांकित फलंदाजांपुढे मिळवलेला बळी आणि रणजी स्पर्धेतील एखाद्या दुबळ्या संघाच्या शेपटाचा बळी यांची बेरीज एकाच रकान्यात होते. रकान्याला भेद कळत नाही. तो निवड समितीने जाणायचा असतो.

शिवलकरांच्या सरासरीचीही अशीच चिकित्सा व्हावयास हवी. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे रणजी करंडक मुंबईने जिंकला. अशा संघाच्या गोलंदाजाला पाठीशी भरपूर धावा असतात, एकनाथ सोलकरांसारखे क्षेत्ररक्षक फलंदाजाच्या नाकाशी उभे असतात. आणि मुख्य म्हणजे देशातील सर्वांत भक्कम फलंदाजीला त्याला कधी गोलंदाजीच करावी लागत नाही, कारण ती फलंदाजी त्याच्याच संघात असते. सुनील गावसकर, अजित वाडेकर, दिलीप सरदेसाई यांना बाद करण्याची चिंता इतरांची. गोयलांचे उलट होते. ज्या संघांकडून ते खेळले, त्यांच्या पाठीशी मुंबईसारखा धावांचा डोंगर क्वचितच असे. म्हणून गोयलांचे १८.५८ आणि शिवलकरांचे १९.६९ यांत जो एका धावेचा फरक दिसतो, तो आम्हांस प्रत्यक्षात अधिक वाटतो. मुंबईच्या अभिमान्यांना हे रुचणार नाही याची आम्हांस कल्पना आहे.

तरीही शिवलकरांच्या बाजूने एक सामना असा उभा राहतो की त्याच्यापुढे अशी चिकित्सा लटकी पडावी. १९७२-७३ च्या हंगामातील रणजी करंडकाचा अंतिम सामना मद्रासला चेपॉकच्या मैदानावर झाला. खेळपट्टी फिरकीची, प्रतिस्पर्धी तमिळनाडू, त्यांच्याकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार. मुंबईने १५१ आणि ११३ धावा केल्या. तमिळनाडूने ८० आणि ६१. सामना तिसऱ्या दिवशी आटोपला. शिवलकरांचे बळी पहिल्या डावात १६ धावांत ८, दुसऱ्या डावात १८ धावांत ५.

खेळपट्टीच तशी होती, त्यात गोलंदाजाचे ते काय, असे यावर म्हटले जाते. परंतु खेळपट्टी दोन्ही संघांना एकच होती. चारही डावांतील ४०५ धावांमधून शिवलकरांच्या ३४ धावा वजा केल्या, तर उरलेल्या सर्व गोलंदाजांना मिळून एकेका बळीसाठी तेरा-चौदा धावा मोजाव्या लागल्या. शिवलकरांनी तीनहूनही कमी मोजल्या. त्याच मातीवर कसोटीपटूही गोलंदाजी करीत होते. आकडा असा संदर्भासह वाचला म्हणजे तो बोलू लागतो. नुसती सरासरी मुकी असते.

पण त्याच हंगामात कसोटी संघाची काय अवस्था होती, हेही पाहिले पाहिजे. इंग्लंडविरुद्धची मालिका भारताने २-१ ने जिंकली होती. चंद्रशेखरांनी ३५ आणि बेदींनी २५ बळी घेतले होते. विजयी संघातील पंचवीस बळींचा धनी वगळून त्याच जातीचा दुसरा गोलंदाज घ्यावा, असे कोणती निवड समिती म्हणेल?

येथे बापू नाडकर्णींची आठवण होते. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासलाच इंग्लंडविरुद्ध त्यांनी एका डावात ३२ षटके टाकली. त्यांपैकी २७ निर्धाव, धावा ५, बळी शून्य. सलग २१ षटके निर्धाव गेली. हा आकडा थोर की क्षुल्लक? धावा रोखणारा गोलंदाज हवा असेल तर याहून मोठी शिफारस नाही. सामना जिंकून देणारा हवा असेल तर अखेरचे शून्य तेवढे मोलाचे. नाडकर्णींच्या हाती बॅटही होती, याच मालिकेत कानपूरला त्यांनी नाबाद १२२ धावा केल्या. निवडीचा प्रश्न ‘कोण उत्तम’ एवढाच नसतो. ‘कशासाठी’ हेही विचारावे लागते.

मग आकड्यांचा उपयोग तरी कोणता? याचे उत्तर आम्हांस आणखी मागे, पुण्याच्या पालवणकर बाळूंच्या चरित्रात सापडते. तेही डावखुरे फिरकी गोलंदाज. चर्मकार समाजात जन्मलेले, युरोपियनांच्या क्लबात मैदानाची निगा राखता राखता साहेबांना सरावासाठी चेंडू टाकू लागलेले. पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना मैदानावर घेतले, पण चहाच्या वेळी त्यांचा प्याला वेगळा आणि जागाही बाहेर. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची दुर्दशा झाली. बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. एवढे असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीही देण्यात आले नाही. १९२३ मध्ये ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. बाळूंच्या पाठीशी ना घराणे होते ना वशिला. त्यांचा वकील एकच, धावफलक. त्या ११४ बळींनी त्यांना कर्णधार केले नाही. पण ज्यांनी त्यांना डावलले, त्यांच्याजवळ उच्चारता येईल असे कारण उरू दिले नाही.

आकड्याचे काम एवढेच, असे आम्ही मानतो. तो जागा मिळवून देत नाही. जागा नाकारणाऱ्याला मात्र तो कारण विचारतो. तेव्हा शिवलकर-गोयलांच्या बाबतीत निवड समितीजवळ कारण होते काय, हा खरा प्रश्न.

एकाच जातीचे दोन गोलंदाज नकोत, हे नेहमीचे कारण. परंतु १९६७ साली बर्मिंगहॅमला बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन हे चौघेही फिरकी गोलंदाज एकत्र खेळले, आणि त्यांत प्रसन्ना व वेंकटराघवन एकाच जातीचे, ऑफस्पिनर. दोन ऑफस्पिनर चालत असतील तर दोन डावखुरे का चालू नयेत?

नोव्हेंबर १९७४ मध्ये तर जागाच मोकळी झाली. बेदींना शिस्तीच्या कारणावरून वेस्ट इंडिजविरुद्धच्या बंगलोर कसोटीतून वगळण्यात आले. गोयलांना बोलावणे गेले. ते बंगलोरला पोहोचले, आणि सामन्याच्या सकाळी प्रसन्ना, वेंकटराघवन व चंद्रशेखर असे त्रिकूट मैदानात उतरले. गोयल बाहेरच. या निर्णयावर टीकेची झोड उठते, ती आम्हांस पूर्णपणे मान्य नाही. प्रतिस्पर्धी संघात क्लाइव्ह लॉइड आणि कालिचरण हे डावखुरे फलंदाज होते. डावखुऱ्या फिरकीपटूचा चेंडू त्यांच्यासाठी आत वळतो, ऑफस्पिनरचा बाहेर जातो. दोन ऑफस्पिनर घेण्यात क्रिकेटच्या दृष्टीने काही तथ्य होते. प्रत्यक्षात लॉइडने १६३ व कालिचरणने १२४ धावा काढल्या आणि भारत २६७ धावांनी हरला, ही गोष्ट निराळी. दुसऱ्या कसोटीत बेदी परतले. गोयलांना पुन्हा तसे बोलावणे आले नाही. एका सामन्यापुरते जे कारण योग्य होते, ते पुढे कायमचे होऊन बसले. आमचा आक्षेप आहे तो यास.

बेदी निवृत्त झाले ते १९७९ साली. त्यांची जागा दिलीप दोशींना मिळाली. दोशी तेव्हा एकतीस वर्षांचे होते. मद्रासला ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिल्याच कसोटीच्या पहिल्या डावात त्यांनी सहा बळी घेतले, आणि ३३ कसोटींत ११४ बळी मिळवून निवड सार्थ ठरवली. गोयल त्या वेळी सदतिशीला टेकले होते, शिवलकर एकोणचाळिशीत. तोवर फार उशीर झाला होता.

१९८३ साली गावसकरांनी आपल्या आवडत्या खेळाडूंवर पुस्तक लिहिले, त्यात त्यांनी कसोटी न खेळलेल्या या दोघांनाही स्थान दिले. एका थोर फलंदाजाचा हा अभिप्राय कोणत्याही सरासरीइतकाच वजनदार आहे. २०१७ मध्ये क्रिकेट मंडळाने दोघांना एकाच वेळी कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. गोयल २०२० मध्ये गेले, बेदी २०२३ मध्ये.

शिवलकरांच्या कारकिर्दीतील एक निवड मात्र कोणत्याही कोष्टकात बसत नाही. १९८७-८८ च्या हंगामात, काही वर्षांच्या खंडानंतर, मुंबईने त्यांना रणजी सामन्यासाठी पुन्हा बोलावले. त्या वेळी त्यांचे वय सत्तेचाळीस होते, आणि निवड समितीपुढे ठेवण्यासारखा ताजा आकडा त्यांच्याजवळ एकही नव्हता.