तर्रीवरचा आरोप

कन्हानकाठचं खापा हे विणकरांचं जुनं गाव, आणि विणकरांच्या घरी सावजी रस्सा आलाच. पोराच्या गालावर पुटकुळ्या उठल्या की पहिलं बोट रश्श्यावर तरंगणाऱ्या तेलाकडे, तर्रीकडे जातं: "तेलकट कमी खात जा बाप्पा, रक्त खराब झालं तुयं." पुढे नागपूरच्या त्वचारोगतज्ज्ञाने 'लिपिड प्रोफाइल', म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, लिहून दिली, की घरच्यांना वाटतं, आपलंच खरं ठरलं.

रक्ताचा संशय फार जुना आहे. सुश्रुताने मुखदूषिका सांगितल्या त्या तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या, शाल्मलीच्या काट्यांसारख्या. कारण कफ, वात आणि रक्त. त्या वर्णनात ताटातल्या तेलाचा उल्लेखही नाही.

चाचणीची चिठ्ठी मात्र वेगळ्याच वाटेने आली. 1982 साली अमेरिकेत आयसोट्रेटिनॉइनला मान्यता मिळाली. हट्टी मुरुमांवर एवढं जालीम औषध दुसरं नाही, पण ते रक्तातले ट्रायग्लिसराइड वाढवतं. म्हणून गोळी सुरू करण्यापूर्वी आणि नंतरही रक्त तपासतात. म्हणजे चरबीचा पहारा औषधावर असतो, मुरुमांवर नव्हे. घरोघरी अर्थ नेमका उलटा लागतो.

त्वचेवरचं तेलही रक्तातून गाळून येत नाही. तैलग्रंथी ते बहुतांशी स्वतः तयार करतात, आणि त्यांना चालना मिळते ती पुरुषी संप्रेरकांकडून. आहाराचं म्हणाल, तर 1969 साली अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी 65 जणांना चॉकलेट खाऊ घालून ते निर्दोष ठरवलं. पण तुलनेसाठी दिलेल्या वड्यांतही साखर आणि स्निग्धांश जवळपास तितकाच होता. असल्या प्रयोगाने कुणाची सुटका होणार? 2007 च्या मेलबर्नच्या प्रयोगात 43 तरुण होते. रक्तातली साखर झपाट्याने न चढवणारा आहार 12 आठवडे घेणाऱ्यांचे मुरूम जास्त कमी झाले. तेव्हा तर्रीआधी गोड चहा आणि बिस्किटांची झडती घ्यायला हवी.

मुरूमवाल्यांचं कोलेस्टेरॉल मोजणारे अभ्यासही झाले. काहींत ते जरा बिघडलेलं दिसलं, काहींत फरकच नाही. खरी गाठ सापडते ती पाळी अनियमित असलेल्या, पीसीओएस हा संप्रेरकांचा विकार असलेल्या मुलींत. तिथे अनेकदा इन्सुलिन नीट काम करत नाही. त्यातून पुरुषी संप्रेरकं वाढतात आणि रक्तातली चरबीही. अशा मुलीला डॉक्टरांनी लिपिड तपासायला सांगितलं, तर गोळी सुरू नसली तरी ती तपासणी टाळू नये.