पाण्याखालचा मसणवटा

22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींनी पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाची पायाभरणी केली. पुढे वैनगंगेकाठची भंडारा-नागपूर जिल्ह्यांतली गावे उठली. जिवंत माणसे पुनर्वसनात आली. पुरलेले आजे-पणजे पाण्याखाली राहिले.

त्या जागेचा मोबदला कुणाला? 1894 च्या भूसंपादन कायद्यात जमीन, उभे पीक, झाड यांना किंमत होती. मसणवट्याचा सातबारा कुणा कुटुंबाच्या नावे नसतो; विदर्भात गावाचा हक्क निस्तार पत्रकात. मग दावा कोण करणार?

2013 चा कायदा पुनर्वसित गावाला स्मशानभूमी किंवा दफनभूमी देतो. पण तिसऱ्या अनुसूचीत म्हणतो, तिथले जातसमूह आणि त्यांच्या प्रथा पाहून! म्हणजे कोऱ्या जमिनीवर गाव वसवतानाही मेलेल्याची जात विचारायची. दफन-दहनाची सोय एकाच आवारात होत नाही काय?

याच पवनीत 1969-70 च्या उत्खननात प्राचीन स्तूप उजेडात आले. स्तूप मुळात अस्थींवरच उभा राहतो. त्या वारशाचा आम्हाला अभिमान आहे, पण आजीच्या मातीची नोंदही हवी. प्रत्येक पुनर्वसित गावात बुडालेल्या मसणवट्यातल्या माणसांची नावे कोरलेला दगड शासनाने बसवावा. नावे सांगणारी म्हातारी माणसे अजून आहेत, तोवरच.