काळी आणि पांढरी

गावठाणाला 'पांढरी' आणि शेतीला 'काळी' म्हणणारी माणसं आता थोडीच उरली आहेत. जिथे घरं, चुली आणि गोठे, तिथली माती राखेनं पांढुरकी होते, ती पांढरी. जिथे पीक येतं ती काळी. आमच्या राजुऱ्याच्या जमिनीची गोष्ट सांगायची तर या दोन शब्दांपासूनच सुरुवात करायला हवी.

माझ्या आजोबांच्या पेटीत वावराचे जुने कागद होते. ते उर्दूत. घरात कुणालाच ते वाचता येत नसत. कारण वर्धा नदीच्या पलीकडचं बल्लारपूर इंग्रजी अमलात होतं आणि अलीकडचा राजुरा निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात. पलीकडच्या चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीवर मेजर लुसी स्मिथ यांचा अहवाल १८६९ सालीच तयार झाला होता. आमच्या काठाची नोंद मात्र हैदराबादच्या दप्तरात. नदी एकच, तिच्या दोन्ही काठांची काळी माती सारखीच, पण कागद वेगळे.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची सत्ता संपली. १९४९ मध्ये जहागिरी गेल्या, १९५० मध्ये हैदराबादचा कूळकायदा आला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्यात, नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. अवघ्या तीन वर्षांत तीन जिल्हे झाले. आजोबांचं वावर मात्र तसूभरही हललं नव्हतं.

ही काळी जमीन आहे तरी कशी? उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत उतरते. पावसात चिकण माती फुगते, भेगा मिटतात आणि आतली माती वर ढकलली जाते. म्हणजे ही जमीन स्वतःच स्वतःची उलथापालथ करते. शिवाय ओल धरून ठेवते. म्हणून खरिपात पऱ्हाटी, तूर, ज्वारी घेऊन कास्तकाराला पाण्याची सोय नसतानाही हरभऱ्याची आशा धरता येते. अलीकडे त्यात सोयाबीन आलं.

सगळा भाग असा नाही. माणिकगडच्या डोंगराकडे सरकलात की माती उथळ होत जाते, बरड, मुरमाड. पूर्वी राजुरा तालुक्यात असलेल्या आणि आता वेगळा तालुका झालेल्या जिवतीकडे मराठवाड्यातून दुष्काळानं उठलेली कुटुंबं आली आणि त्यांनी ही हलकी जमीन कसली. वनजमिनीच्या नोंदीमुळे त्यांच्या पट्ट्यांचा प्रश्न कित्येक दशकं रेंगाळला.

भारी जमिनीवर वेगळंच संकट आलं. सास्ती, गोवरी, पवनी या बाजूला मातीखाली कोळसा. गडचांदूर, आवारपूर, उपरवाहीकडे चुनखडी. कोळसा असलेल्या जमिनी संपादन करण्याचा केंद्राचा कायदा १९५७ सालचा. १९८० च्या दशकात सिमेंटचे कारखाने आले. खुल्या खाणीत कोळशावरचं सगळं उपसून बाजूला टाकतात. त्याला खाणीच्या भाषेत 'ओव्हरबर्डन' म्हणतात, म्हणजे वरचं ओझं. ज्या मातीला आजी 'काळी आई' म्हणायची, तिचं हे नवं नाव ऐकून मी चपापलो होतो.

आमचंही एक वावर असंच एका खाणीत गेलं. मोबदला मिळाला, त्यातून घर झालं, मुलांची शिक्षणं झाली. कोळशावर वीज होते आणि त्याच विजेच्या दिव्याखाली मी हे लिहिलं, हेही खरं. तरीही एक हिशेब राहून गेला असं वाटतं. सातबाऱ्यावर जमीन जिरायत की बागायत ते असतं, आकार असतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत मातीचे १२ गुण तपासले जातात. पण माती किती हात खोल आहे, याचा रकाना दोन्हीकडे नाही. आमच्या वावरात विहीर खणताना दोन पुरुष खोलीपर्यंत मुरूम लागला नव्हता. ते आजोबांना ठाऊक होतं, कागदाला नव्हतं.

वरची सुपीक माती वेगळी काढून ठेवावी, असा खाणींसाठी दंडक आहे. पण वर्षानुवर्षं ढिगात पडून राहिली की माती मरते; तिच्यातली हवा, जीवजंतू, सेंद्रिय अंश कमी होत जातो. तलावातला गाळ हलक्या रानात नेऊन टाकण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. मग खाणीवरची ताजी काळी माती लागलीच जवळच्या बरड शेतांत का पसरू नये? वाहतुकीचा खर्च आहे, मान्य. पण बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, त्याचा खर्च कोण मांडणार?

खाणीसाठी गाव उठतं तेव्हा पांढरी दुसरीकडे वसवता येते. देऊळ बांधता येतं, शाळा बांधता येते, नव्या चुलीची राखही पडू लागते. काळी मात्र कुणाला वसवता येत नाही. म्हणून ती उचलण्याआधी निदान मोजून तरी घ्यावी, एवढंच मागणं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)