पाच टाक्यांचा हिशेब

सातारा जिल्ह्यातील मांढरदेवच्या यात्रेत २५ जानेवारी २००५ रोजी निसरड्या पायऱ्यांवर चेंगराचेंगरी झाली. संतापलेल्या जमावाने दुकाने पेटवली, आतले सिलिंडर फुटले. सुमारे ३०० भाविक गेले.

सिलिंडरमध्ये द्रवरूप गॅस असतो. तापला की दाब वाढतो; टाकी फुटताच तो सुमारे २५० पट पसरतो. २००४ च्या गॅस सिलिंडर नियमांनुसार १०० किलोपर्यंतच्या साठ्याला परवाना लागत नसे. म्हणजे १९ किलोच्या पाच टाक्या चालल्या! पण हा हिशेब एकेका दुकानाचा. खेटून उभी पन्नास पाले मात्र आगीच्या दृष्टीने एकच दुकान.

राज्याचा २००६ चा अग्निसुरक्षा कायदा ६ डिसेंबर २००८ पासून अमलात आला. त्यानुसार जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची. अग्निशमन यंत्रणा ठीक असल्याचा दाखला दर जानेवारी-जुलैत द्यायचा. यात्रेतले पाल चार दिवसांचे. सांगलीकडच्या आठवडे बाजारातले तर संध्याकाळीच उठते.