शेलिंगचे विभक्तीकरण प्रतिमान

शेलिंगचे विभक्तीकरण प्रतिमान हे शहरातील भिन्न समाजगट वेगवेगळ्या वस्त्यांत कसे विभागले जातात, याचा उलगडा करणारे सामाजिक शास्त्रांतील एक साधे प्रतिमान आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ टॉमस शेलिंग (इ.स. १९२१ – इ.स. २०१६) यांनी ते इ.स. १९६९ मध्ये थोडक्यात आणि इ.स. १९७१ मध्ये 'जर्नल ऑफ मॅथेमॅटिकल सोशिऑलॉजी' या नियतकालिकात सविस्तर मांडले. व्यक्तींच्या सौम्य आवडीनिवडींतूनही समाजाच्या पातळीवर तीव्र विभाजन घडू शकते, मग ते कोणालाही नको असले तरी, हे त्याचे मुख्य प्रतिपादन होय.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेतील शहरांत कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय कुटुंबांच्या वस्त्या मोठ्या प्रमाणावर वेगळ्या होत्या. वस्तीतील कृष्णवर्णीयांचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की उरलेली श्वेतवर्णीय कुटुंबे झपाट्याने निघून जातात, असे राज्यशास्त्रज्ञ मॉर्टन ग्रॉडझिन्स यांनी इ.स. १९५७ मध्ये लिहिले होते. शेलिंग तोवर आंतरराष्ट्रीय संघर्षावरील लेखनासाठी ओळखले जात. त्यांनी ही प्रक्रिया प्रथम कागदावर एका ओळीत खुणा मांडून तपासली. नंतर मुलाच्या संग्रहातील तांब्याची व जस्ताची नाणी चौकटींच्या पटावर मांडून ते ती हाताने सरकवत राहिले. पुढे संगणकीय अनुकरणाचे आद्य उदाहरण म्हणून गाजलेल्या या प्रतिमानाचा आरंभ असा संगणकाविना झाला.

रचना

बुद्धिबळाच्या पटासारख्या पटावर दोन प्रकारची नाणी यदृच्छेने मांडली जातात व काही चौकटी रिकाम्या ठेवल्या जातात. प्रत्येक नाणे म्हणजे एक कुटुंब. त्याला जास्तीत जास्त ८ शेजारी असतात. शेजाऱ्यांपैकी निदान एक-तृतीयांश आपल्या प्रकारचे असावेत, एवढीच त्याची अपेक्षा असते. ती पूर्ण न झाल्यास ते समाधानकारक अशा जवळच्या रिकाम्या चौकटीत जाते.

समजा, एका कुटुंबाच्या ८ शेजाऱ्यांपैकी ३ त्याच्या गटाचे आहेत. ते समाधानी आहे. अल्पसंख्य असण्याला त्याची हरकत नाही. त्या तिघांतील एक निघून गेला की उरलेल्या ७ शेजाऱ्यांत स्वगटाचे २ राहतात, म्हणजे एक-तृतीयांशाहून कमी. आता हे कुटुंबही हलते. त्याच्या जाण्याने जुन्या जागी स्वगटाचा आणखी एक शेजारी घटतो आणि नव्या जागी परगटाच्या कुटुंबांना आपले प्रमाण कमी झालेले दिसते. अशी साखळी सुरू होते आणि सगळे समाधानी झाल्यावरच थांबते. तोवर पटावर एकेका प्रकारच्या नाण्यांचे मोठे पुंजके तयार झालेले असतात. दोन्ही गट समसमान असताना अपेक्षा केवळ ३० टक्के ठेवली, तरी संगणकीय आवृत्त्यांत अखेरीस सरासरी सुमारे ७० टक्के शेजारी स्वगटाचे निघतात.

खेळ सिद्धांताशी संबंध

येथे कोणी कोणाचा प्रतिस्पर्धी नाही. तथापि प्रत्येकाची निवड इतरांची परिस्थिती बदलते आणि इतरांच्या निवडीमुळे त्याला पुन्हा निवड करावी लागते. परस्परावलंबी निर्णयांचा हा प्रश्न खेळ सिद्धांताच्याच कक्षेत येतो. स्थान बदलण्याचे कारण कोणालाच उरत नाही, अशी अंतिम अवस्था म्हणजे एक समतोल होय. मात्र समतोल म्हणजे सर्वांना हवी असलेली अवस्था नव्हे. रोमान्स पँक्स व निकोलास व्रीन्ड यांनी इ.स. २००७ मध्ये दाखवले की, प्रत्येकाला अर्धी-अर्धी मिश्र वस्तीच सर्वाधिक पसंत असली तरीही विभाजन घडू शकते. शेलिंग यांना रॉबर्ट ऑमन यांच्यासह इ.स. २००५ चे अर्थशास्त्रातील नोबेल पारितोषिक मिळाले, ते खेळ सिद्धांताच्या आधारे संघर्ष व सहकार्य यांचे आकलन वाढवल्याबद्दल.

मर्यादा

पटावरील प्रत्येक नाणे हवे तेथे जाऊ शकते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय कुटुंबांना ती मोकळीक नव्हती. घरविक्रीच्या करारांतील वर्णनिर्बंध, नकाशांवर त्यांच्या वस्त्या लाल रंगवून कर्जासाठी जोखमीच्या ठरवण्याची पद्धत आणि उघड हिंसा यांनी वस्त्यांच्या सीमा आखल्या होत्या. घरांच्या व्यवहारातील वर्णभेद संघराज्याच्या कायद्याने निषिद्ध झाला तो इ.स. १९६८ मध्ये. म्हणून 'विभाजन आपोआप झाले, कोणी दोषी नाही' असा अर्थ या प्रतिमानातून काढणे चुकीचे ठरते. ते अशा विभाजनाचा एक संभाव्य मार्ग दाखवते. एखाद्या शहरात तोच मार्ग घडला, हे सिद्ध करीत नाही. संघटित कृती आणि आर्थिक विषमता ही विभाजनाची वेगळी कारणे असल्याचे शेलिंग यांनी इ.स. १९७१ च्या लेखात स्वतःच नमूद केले होते. उलट, भेदभावाचे कायदे रद्द झाल्यावरही वस्त्या आपोआप मिसळत नाहीत, यामागील एक कारण मात्र हे प्रतिमान स्पष्ट करते.

प्रत्यक्ष आकडेवारीवरून डेव्हिड कार्ड, अलेक्झांडर मास व जेसी रॉथस्टीन यांनी इ.स. १९७० ते २००० या काळातील अमेरिकन शहरांचा अभ्यास केला. अल्पसंख्याकांचे प्रमाण ५ ते २० टक्क्यांच्या दरम्यान असतानाच श्वेतवर्णीयांच्या स्थलांतराला एकाएकी वेग येतो, असे त्यांना आढळले.

साकोडा यांचे प्रतिमान

चौकटींच्या पटावरील अशाच प्रकारचे प्रतिमान जेम्स साकोडा यांनी त्याच नियतकालिकात इ.स. १९७१ मध्येच प्रसिद्ध केले. त्याचे मूळ त्यांच्या इ.स. १९४९ च्या प्रबंधात आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या रहिवाशांना ज्या छावण्यांत डांबले, तेथील गटांच्या वर्तनाचा तो अभ्यास होता आणि साकोडा स्वतः त्या छावण्यांत राहिलेले होते.